मायस्थेनिया: नव्या गोळीआधी जुन्या गोळीची वेळ बघा

मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेल्या वाचकांच्या प्रश्नांत एकच गोष्ट थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येते. पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात म्हणून पायरिडोस्टिग्मिन सुरू होतं. चार दिवसांत पोटात मुरडा येऊ लागतो, जुलाब होतात. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ‘पोट बिघडलंय’ म्हणत ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या देतो. दोन दिवसांनी पापण्या आणखी खाली येतात, घास घशाखाली उतरत नाही, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. खरं तर पोट जंतूंनी बिघडलेलंच नव्हतं. तो पहिल्या गोळीचा परिणाम होता. आणि ऑफ्लोक्सॅसिन ज्या फ्लुरोक्विनोलोन गटातलं आहे, तो गट मायस्थेनियात स्नायूंचा अशक्तपणा वाढवणारा म्हणून ओळखला जातो.

झोपेचंही तसंच. स्टिरॉइडमुळे रात्रभर टक्क जाग राहते, मग कुणीतरी अल्प्राझोलाम सुचवतं. ज्याच्या श्वासाचे स्नायू आधीच दमलेले आहेत, त्याच्यासाठी हे मोठं धाडस आहे.

अमिताभ बच्चन यांच्यामुळे या आजाराचं नाव बऱ्याच घरांत कानावरून गेलेलं असतं. गोळ्यांचं वेळापत्रक मात्र कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः एका सवयीबद्दल आहे: त्रास झाला की आधीच्या गोळीची वेळ, तिच्यासोबत काय खाल्लं आणि तिचा डोस, हे तीन मुद्दे तपासायचे, नव्या गोळीचा विचार त्यानंतर. डोस बदलणं हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम. त्यांना नेमकी माहिती देणं मात्र तुमच्याच हातात आहे.

आठवड्याची वही

‘पोटाला त्रास होतो, झोप नाही’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती फारसं काही लागत नाही. ‘सकाळी आठच्या गोळीनंतर पाऊण तासाने मुरडा, दुपारच्या गोळीनंतर काही नाही’ असं सांगितलंत तर उत्तर जवळजवळ तिथेच मिळतं. एक साधी वही घ्या आणि सलग आठवडाभर लिहा:

- प्रत्येक गोळी किती वाजता घेतली, उपाशीपोटी की काही खाऊन
- मुरडा, जुलाब, लाळ, घाम, पायात पेटके किती वाजता
- पापणी, दुहेरी दिसणं, चावणं, गिळणं, बोलणं कोणत्या वेळी ढासळतं आणि गोळीनंतर किती मिनिटांनी सुधारतं
- अंथरुणात कधी गेलात, झोप कधी लागली, जाग किती वेळा आली आणि कशाने
- एका श्वासातली मोजणी

ही मोजणी अशी करायची: बसून खोल श्वास घ्या आणि नेहमीच्या आवाजात, सेकंदाला साधारण दोन आकडे या वेगाने, श्वास संपेपर्यंत मोजत राहा. रोज एकाच वेळी करा. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको, तुमचा नेहमीचा आकडा हाच तुमचा मापदंड. तो एक-दोन दिवसांत बराच घसरला, किंवा वीसपर्यंतही पोचेना, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा.

पायरिडोस्टिग्मिन: पोट, लाळ आणि पेटके

ही गोळी साधारण अर्ध्या ते पाऊण तासात काम सुरू करते आणि तीन-चार तास टिकते. नसांकडून स्नायूंना निरोप देणारं रसायन ती जास्त वेळ टिकवते. पण तेच रसायन आतडी, लाळग्रंथी, घामग्रंथी आणि मूत्राशयही चालवतं. म्हणून मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं, घाम, वारंवार लघवी हे त्रास होतात. हे त्रास होतायत म्हणजे गोळी तुम्हाला ‘लागत नाही’ असं नव्हे.

त्रास गोळीचा की खरोखर जंतुसंसर्गाचा, हे ओळखायला वही उपयोगी पडते. गोळीचा त्रास बहुतेक वेळा गोळीनंतर तास-दोन तासांत येतो, रोज येतो आणि पुढची गोळी येईपर्यंत उतरतो. ताप असेल, शौचात रक्त किंवा आव असेल, घरातल्या इतरांनाही जुलाब होत असतील, तर तो वेगळा विषय आहे आणि त्याला तपासणी हवी.

या गोष्टी करून बघता येतात:

- उपाशीपोटी गोळी नको, पण भरल्या पोटीही नको. अर्धी पोळी, दोन बिस्किटं, एखादं केळं किंवा मऊ भाताचे दोन-चार घास एवढं पुरतं. चावण्या-गिळण्याचा त्रास असेल तर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या, म्हणजे ती ऐन जेवणाच्या वेळी कामाला लागलेली असेल. मुख्य जेवण दिवसाच्या तुमच्या ताकदीच्या वेळेत ठेवा. रात्री आठनंतर कडक भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा हा हट्ट सोडलेला बरा.
- डोसची विभागणी विचारा. एका वेळी पूर्ण गोळी आणि पुढे पाच तास काहीच नाही, यापेक्षा कमी डोस जास्त वेळा घेतल्याने काहींचं पोट शांत राहतं. हा बदल स्वतःहून करू नका, पण प्रश्न जरूर विचारा.
- पोटाच्या गोळीबद्दल न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा. ग्लायकोपायरोलेट किंवा लोपरामाइड ते देऊ शकतात. सहज मिळणाऱ्या डायसायक्लोमिनने मुरडा दबतो हे खरं. पण डोस जास्त होतोय हे सांगणारी खूणही त्यासोबत दबते, म्हणून ते मनाने घेणं बरं नव्हे.
- दीर्घकाळ टिकणारी १८० मिलिग्रॅमची गोळी दिली असेल तर ती चावू, कुटू किंवा विरघळवू नका. सगळं औषध एकदम अंगात येतं.
- पावसाळा. पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात. कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर या दिवसांत आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवण्याची सवय इथे चालत नाही. गोळी पट्टीतून किंवा घट्ट झाकणाच्या मूळ बाटलीतून वेळेवरच काढा.

एक महत्त्वाची खूण. गोळीनंतर तासाभरात ताकद वाढायला हवी. ती उलट कमी होत असेल, सोबत लाळ आणि कफ खूप सुटत असेल, अंगभर मांस फडफडत असेल, घाम येत असेल, तर डोस जास्त झाला असू शकतो. अशा वेळी ‘अजून एक घेऊन बघतो’ हा विचार धोक्याचा आहे. पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर अधिकच सावध राहायला हवं, कारण हे औषध तिथूनच बाहेर पडतं.

गोळीमागून गोळी: सापळे कुठे असतात

माझ्या मते मायस्थेनियातले बरेच टाळता येण्यासारखे बिघाड न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत होत नाहीत. ते दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात, पहिल्या आजाराचं नाव न सांगितल्यामुळे होतात. हे काही नेहमीचे रस्ते पाहा:

- जुलाब: ऑफ्लोक्सॅसिन, नॉरफ्लोक्सॅसिन, सिप्रोफ्लोक्सॅसिन.
- सर्दी-खोकला, घसा: अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स. तोही टाळायच्या यादीतला. जेंटामायसिन आणि अ‍ॅमिकॅसिनची इंजेक्शनं तर अधिकच.
- स्टिरॉइडमुळे बीपी वाढलं, छाती धडधडते: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. बीपीला इतर गटांतली औषधं असतात, त्याबद्दल विचारा.
- स्टिरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढला: टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात टाकलेला थेंबही रक्तात जातो आणि अशक्तपणा वाढवू शकतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.
- पायात पेटके, किंवा ‘झोपेला चांगलं’ म्हणून: मॅग्नेशियमच्या गोळ्या. शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम या आजारात सरळ धोकादायक आहे. तोंडाने घ्यायचं तरी विचारल्याशिवाय नको.
- मलेरिया, सांधे: क्लोरोक्वीन, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, क्विनीन. मलेरिया झाला तर उपचार टाळायचे नाहीत, पण आजाराचं नाव आधी सांगायचं. टॉनिक वॉटरमध्येही क्विनीन असतं, तेव्हा गोव्याच्या सुट्टीत ग्लासाकडेही लक्ष असू द्या.
- सुरकुत्या: बोटॉक्सची इंजेक्शनं. इथे नाही म्हणायला हरकत नसावी.

ही यादी म्हणजे सरसकट बंदी नव्हे. गंभीर संसर्गात दुसरा पर्याय नसेल तर डॉक्टर यातलं औषध जाणीवपूर्वक, नजर ठेवून देतात. पण ते समजून दिलेलं असावं, नकळत नव्हे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली अँटिबायोटिक्स बहुतेकांना चालतात, तापाला पॅरासिटामॉल चालतं.

पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर आजाराचं नाव, चालू औषधं आणि डोस, टाळायची औषधं, न्यूरॉलॉजिस्टचा फोन आणि ‘भूल देण्याआधी कळवा’ ही ओळ असावी. दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवा आणि शक्यतो सकाळची, गोळीचा अंमल असतानाची वेळ मागा.

स्टिरॉइड आणि उडालेली झोप

प्रेडनिसोलोनबद्दल सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे वेळ. दिवसाचा पूर्ण डोस सकाळी नाश्त्यानंतर एकदाच घेतला तर तो शरीराच्या स्वतःच्या लयीशी जुळतो, कारण आपलं नैसर्गिक कॉर्टिसोलही सकाळीच जास्त असतं. डोस सकाळ-संध्याकाळ विभागलेला असेल आणि रात्री तुम्ही छताकडे बघत पडत असाल, तर पुढच्या भेटीत विचारा: ‘सगळा डोस सकाळी घेता येईल का?’ अनेकदा उत्तर ‘हो’ असतं. काहींना दिवसाआड डोस देतात, त्यात गोळीच्या रात्री झोप कमी आणि मधल्या रात्री बरी असा नमुना वहीत दिसेल. तोही सांगा.

हे अगदी पक्कं ध्यानात ठेवा:

- काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर ते एकदम बंद करायचं नाही. शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकतं. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.
- मोठ्या डोसने सुरुवात केल्यास पहिल्या दोन आठवड्यांत अशक्तपणा तात्पुरता वाढू शकतो. ‘हे औषध उलटलं’ म्हणून सोडू नका, पण गिळणं किंवा श्वास बिघडला तर थांबूही नका, दवाखाना गाठा.
- एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपवास करायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उपवासातही गोळी चुकवायची नाही आणि ती रिकाम्या पोटी घ्यायची नाही. निर्जळी उपवास तर नकोच. गिळायला त्रास असेल तर चिकट साबुदाण्याच्या खिचडीऐवजी पातळ पेज किंवा राजगिऱ्याची लापशी बरी.

रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून झोप मोडत असेल तर शुगर तपासा, आणि तीही फक्त उपाशीपोटीची नको. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने दुपारनंतरची शुगर वाढते, सकाळचा आकडा अगदी चांगला येऊ शकतो. जेवणानंतरची तपासणी मागून घ्या.

भूक, वजन, चेहऱ्यावरची सूज, चिडचिड, उगाच आलेला उत्साह किंवा खोल उदासी हेही या औषधाचेच परिणाम असू शकतात. घरच्यांना हे आधी सांगितलेलं चांगलं, नाहीतर प्रत्येक भांडणाचं खापर स्वभावावर फुटतं. पापड, लोणचं, फरसाण कमी करा. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी, तसंच डोळ्यांची तपासणी, यांबद्दल डॉक्टरांनी काही म्हटलं नसेल तर तुम्हीच विचारा. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली तर गिळण्याचा त्रास असल्याचं सांगा, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

बाकीची औषधं, थोडक्यात

अ‍ॅझाथायोप्रिन कामाला लागायला सहा महिने ते वर्षभर किंवा जास्तही घेतं. दोन महिन्यांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री घेता येईल का ते विचारा. रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नका. सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकीय तपासण्यांबद्दल विचारणं योग्य, कारण दुसऱ्यातले दोष आशियाई लोकांत तुलनेने जास्त आढळतात. युरिक अ‍ॅसिडसाठीच्या अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटसोबत हे औषध पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतं.

मायकोफिनोलेट आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहेत. मूल हवं असेल तर आधीच बोला, आणि तोवर गर्भनिरोधन पक्कं ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातलं पपनस टाळावं. त्याने रक्तातलं औषध वाढतं.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होण्याआधी क्षयरोगाची तपासणी करून घेणं आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. जिवंत जंतूंच्या लशी मात्र या औषधांसोबत घेऊ नयेत.

तुमची रात्र कोणत्या प्रकारची?

‘झोप येत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे त्रास लपलेले असतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. वहीत बघून आपला ओळखा.

पहिला: झोप लागतच नाही. बहुधा स्टिरॉइडची वेळ, संध्याकाळचा चहा, काळजी किंवा दुपारची लांब झोप. मायस्थेनियात थायरॉइडचे आजारही सोबत आढळतात, म्हणून टीएसएच तपासून घ्या. दुपारी विश्रांती हवीच, पण ती वामकुक्षीइतकीच असावी: वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. डोळे मिटून पडून राहिल्यानेही स्नायू सावरतात, त्यासाठी झोप लागलीच पाहिजे असं नाही. ‘झोपण्याआधी गरम पाण्याने अंघोळ करा’ हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला तुमच्यासाठी नाही. उष्णतेने मायस्थेनियाचा अशक्तपणा वाढतो. कोमट किंवा गार पाणी घ्या, आणि विदर्भातल्या मे महिन्यात कूलरसमोरची जागा बिनदिक्कत मागून घ्या.

दुसरा: मधेच जाग येते. ती कशाने, ते पाहा. रात्री उशिरा घेतलेल्या पायरिडोस्टिग्मिनमुळे मुरडा, लघवी, पेटके किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर ती शेवटची गोळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेत बऱ्याच जणांना तिची गरज नसते. याच्या उलटही असतं. काहींना पहाटे कूस बदलता येत नाही, सकाळी पाणी गिळता येत नाही. त्यांना रात्री दीर्घकाळ टिकणारी गोळी उपयोगी पडू शकते, किंवा उशाशी पाणी आणि सकाळची गोळी ठेवून, ती घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने उठण्याची सोय. दोन्ही माणसं ‘रात्री जाग येते’ असंच म्हणतात, आणि दोघांचा उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहे.

तिसरा: आठ तास झोपूनही सकाळी थकवा. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त द्यायला हवं. स्वप्नांच्या झोपेत श्वासाचा भार जवळजवळ एकट्या श्वासपटलावर येतो. ते अशक्त असेल तर दिवसा ठीक वाटणारा माणूस रात्री पुरेसा श्वास घेत नाही. शिवाय घसा सैल पडणं आणि स्टिरॉइडने वाढलेलं वजन यांमुळे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, या आजारात जास्त दिसतो. या खुणा शोधा:

- सकाळी उठताच डोकं दुखणं, दिवसा बसल्याबसल्या डुलकी
- सपाट झोपल्यावर धाप, दोन-तीन उशा किंवा खुर्चीत झोपणं
- मोठं घोरणं, मधेच श्वास थांबणं, गुदमरून उठणं (हे जोडीदाराला विचारा)
- श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जाणं

यातलं काही असेल तर झोपेची गोळी मागू नका, तपासणी मागा: बसून आणि झोपून केलेली फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि रात्रीची झोपेची चाचणी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. अशा अशक्तपणात आधी कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन उशिरा खाली येतो. निदान झालं तर सीपॅप किंवा बायपॅप यंत्र लागू शकतं. चेहऱ्याचे स्नायू अशक्त असतील तर मास्कमधून हवा गळते, डोळा मिटत नसेल तर ती डोळ्याला लागते. मास्कचे दोन-तीन प्रकार लावून बघितल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका.

झोपेच्या गोळीचा प्रश्न

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारखी औषधं स्नायू सैल करतात आणि श्वासाची प्रेरणा मंदावतात. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि दारूही त्याच रांगेतली. श्वासाची तपासणी झालेली नसताना ही घेऊ नका, शेजाऱ्याच्या पट्टीतली अर्धी तर मुळीच नको. ती आधीपासून रोज चालू असतील तर मात्र एकदम तोडू नका, कमी करण्याचा क्रम डॉक्टरांकडून घ्या.

‘नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या गोष्टींनाही हेच लागू. मायस्थेनियात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती भलत्या दिशेने चाललेली असते. तेव्हा ती ‘वाढवणारे’ काढे आणि अश्वगंधा-गुळवेल घेण्यात अर्थ नाही. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही खरं. पण यकृतावर ताण आणू शकणारं अ‍ॅझाथायोप्रिन तुमच्या पोटात असताना हा वाद स्वतःवर तपासून बघायचं कारण नाही.

इथे वाट बघायची नाही

- एक वाक्य एका श्वासात पूर्ण होत नाही, सपाट झोपताच धाप लागते
- लाळ किंवा पाणीही गिळता येत नाही, ठसका लागतो, खोकल्यात जोर नाही
- मान सावरत नाही
- ताप किंवा छातीचा संसर्ग आणि सोबत वाढता अशक्तपणा

यातलं काहीही झालं तर आयसीयू आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. घरी जास्तीच्या गोळ्या घेऊन बघू नका, तोंडाने काही भरवू नका, बसतं ठेवून न्या. वही आणि कार्ड सोबत घ्या.

हक्क आणि कागद

वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर २००२ च्या व्यवसाय-आचार नियमांनी बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना त्या हाताशी हव्यात. औषधं रुग्णालयातल्याच दुकानातून घेतली पाहिजेत अशी सक्ती करता येत नाही. स्टिरॉइडसारखी नेहमीची औषधं जनऔषधी केंद्रात आहेत का, ते विचारा. औषधाचा त्रास रुग्ण स्वतः कळवू शकतो: राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दाखल व्हायची वेळ आली तर तुमचा उपचार यादीत बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मायस्थेनियाचं वेगळं नाव नाही. दीर्घकालीन चेताविकार किंवा हालचालीचं अपंगत्व या सदरांत तपासणी होऊ शकते, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. अडचण अशी की मंडळासमोर तुम्ही सकाळी, गोळी घेऊन, ताजेतवाने उभे राहता. संध्याकाळच्या पापणीचे तारखेसह फोटो, वही, दाखल झाल्याची कागदपत्रं सोबत न्या. नाहीतर तपासणारे ‘काहीच तर नाही’ म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुरतं ते खरंही असतं.

नोकरीत रात्रपाळी असेल तर झोपेची आणि गोळ्यांची सगळी घडी मोडते. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता किंवा पदावनत करता येत नाही. समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही लागू आहे. अर्जासोबत न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडा. त्यात आजाराचं वर्णन दोन ओळींत पुरे. मागण्या मात्र नेमक्या हव्यात: दिवसपाळी, दुपारी अर्धा तास पडून विश्रांतीची जागा, गोळीच्या वेळी खायला पाच मिनिटांची मुभा, उन्हातलं काम नको. पत्राची पोच घ्या आणि एक प्रत घरी ठेवा.